जर्मनीत नव्याने येणाऱ्या जोडप्याने भाड्याचं घर कसं शोधावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघांचं नुकतंच लग्न झालंय. बायकोला श्टुटगार्टजवळ नोकरी मिळाली आहे, ब्लू कार्डचं, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्याचं, काम होत आलंय. नवरा आपली नोकरी सोडून तिच्यासोबत येतोय आणि पोहोचल्यावर काम शोधणार आहे. दोघांचंही जर्मन जेमतेम. निघण्याआधीच इंटरनेटवरून कायमचं घर पक्कं करावं का? इतके अर्ज पाठवूनही कुणी उत्तर का देत नाही? आणि भाडं भरत बसण्यापेक्षा सरळ घर विकत घ्यावं का?

जर्मनीत नव्याने येणाऱ्या कुटुंबांना घर मिळवून देणं हेच माझं काम आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कुटुंबं म्हणजे तुमच्यासारखी दोघंच माणसं असतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: निघण्याआधी कायमचं घर पक्कं करू नका. सुरुवातीचे तीन-चार महिने सामानासकट मिळणाऱ्या तात्पुरत्या घरात काढा आणि कायमचं घर पोहोचल्यावर, दोघांनी मिळून, प्रत्यक्ष पाहून घ्या. तात्पुरतं घर महाग पडतं, हे मान्य. पण त्या पैशात तुम्हाला शहर समजून घ्यायला वेळ मिळतो, आणि घर दाखवायला बोलावलं की त्याच दिवशी हजर राहता येतं. परदेशातून पाठवलेला अर्ज बहुतेक घरमालक उघडूनही बघत नाहीत. कंपनी स्थलांतराचा खर्च देणार असेल, तर सामानाच्या ने-आणीपेक्षा या तात्पुरत्या घराच्या भाड्यासाठी बोलून बघा. तिथे तो पैसा जास्त कामाला येतो.

तात्पुरतं घर घेताना एक अट मात्र अजिबात सोडू नका. तिथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करता आली पाहिजे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते, आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला कागद लागतो. त्या कागदाचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पण तो असतो एका पानाचा. नोव्हेंबर २०१५ पासून त्याच्याशिवाय नोंदणी होत नाही. नोंदणी झाली की कर-क्रमांक टपालाने घरी येतो, आणि तो नसेल तर सुरुवातीच्या पगारातून जादा कर कापला जाऊ शकतो. बँक खातं, राहण्याच्या परवान्याचं कार्ड, नवऱ्याचा भाषावर्ग, सगळीकडे हाच पत्ता मागतात. काही हंगामी घरमालक भाडं आनंदाने घेतात आणि सहीची वेळ आली की अंग काढतात. म्हणून पैसे भरण्याआधी ‘इथे नोंदणी करता येईल’ हे एका ओळीत का होईना, पण लेखी घ्या. दुसऱ्या टोकाला, पैसे घेऊन नुसता नोंदणीपुरता पत्ता विकणारेही भेटतील. जिथे कुणी राहणारच नाही असा पत्ता नोंदणीसाठी पुरवणं बेकायदेशीर आहे आणि त्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड आहे. त्या वाटेला जाऊ नका.

आता उत्तरं का येत नाहीत, याकडे वळू. यामागचं कारण समजलं, तर बाकीची धावपळ निम्मी होते.

जर्मन कायदा भाडेकरूच्या बाजूने भक्कम उभा असतो. बेमुदत करार एकदा झाला की मालकाला मनात आलं म्हणून घर रिकामं करून घेता येत नाही. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला राहायला हवं आहे, असं खरं आणि पटणारं कारण दिलं तरी किमान तीन महिने आधी सांगावं लागतं. भाडेकरू पाच वर्षांहून जास्त राहिला असेल तर सहा महिने, आठ वर्षांहून जास्त राहिला असेल तर नऊ. भाडंही मनमानी वाढवता येत नाही. नेहमीच्या करारात तीन वर्षांत २० टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि घरांची टंचाई जाहीर झालेल्या शहरांत ही मर्यादा १५ टक्के आहे. तुम्ही मात्र कसलंही कारण न देता तीन महिन्यांच्या सूचनेवर घर सोडू शकता.

याचा परिणाम असा की मालकाला जी काय खबरदारी घ्यायची ती सही करण्याआधीच घ्यावी लागते. सही झाल्यावर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. त्यामुळे तुमचा अर्ज बघताना तो एकच हिशेब मांडत असतो: ही दोन माणसं दहा वर्षं इथे राहिली तर भाडं दर महिन्याला वेळेवर येईल का, आणि जिन्यात शेजाऱ्यांशी कटकटी होतील का? एका जाहिरातीला शंभर निरोप आलेले असताना, ज्यांच्याबद्दल हे दोन मिनिटांत कळतं, त्यांना तो बोलावतो. ज्यांच्याबद्दल प्रश्न पडतात त्यांना ‘नाही’ असंही कळवत नाही. तुमच्याबद्दल त्याचं वाईट मत झालेलं नसतं, मतच झालेलं नसतं. तेव्हा मालकाला पडणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तो विचारण्याआधीच कागदावर द्यायचं, हे तुमचं काम.

यासाठी सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये लावून ठेवा. सगळ्यात वर एका पानात तुमची ओळख: दोघांचा एखादा साधा फोटो, वय, शिक्षण, काम, कधीपासून घर हवं आहे आणि किती काळ राहायचा विचार आहे. त्यानंतर नोकरीचा करार. इथे पगाराच्या मागच्या तीन स्लिप मागायची पद्धत आहे. तुमच्याकडे त्या नसणार. त्याऐवजी कंपनीच्या एचआरकडून जर्मन भाषेतलं पत्र घ्या, ज्यात पद, सुरू होण्याची तारीख, करार बेमुदत असल्याचं आणि पगाराचा आकडा असेल. करार मुदतीचा असेल तर तेही लपवू नका. हाती येणारा पगार भाड्याच्या साधारण तिप्पट असावा, असा बहुतेक मालकांचा आडाखा असतो. हा कायदा नव्हे, पण अर्ज त्याच चाळणीतून जातात. एकाच पगारावर तुम्ही त्यात बसत असाल, तर ते पहिल्याच पानावर ठळक लिहा.

पुढचा कागद शूफाचा. शूफा ही १९२७ मध्ये सुरू झालेली, लोकांच्या उधारी-परतफेडीची नोंद ठेवणारी खाजगी संस्था. तिचा दाखला जवळपास प्रत्येक घरमालक मागतो, आणि नव्याने आलेल्या माणसाच्या नावावर तिथे काहीच नसतं. याचा धसका घेऊ नका. ‘आम्ही अमुक महिन्यात जर्मनीत आलो, त्यामुळे शूफात अजून नोंद नाही, त्याऐवजी बँकेतल्या शिलकीचा दाखला आणि कंपनीचं पत्र जोडत आहोत’ असं सरळ लिहा. बँक खातं उघडून थोडे महिने झाले की दाखला मिळतोच. तेव्हा एक लक्षात ठेवा: शूफाकडून स्वतःच्या नोंदींची जी मोफत प्रत मिळते, तिच्यात तुमचे सगळे व्यवहार उघडे असतात. ती मालकांना वाटत फिरू नका. त्यांच्यासाठी वेगळा, थोडक्यातला दाखला पैसे भरून मिळतो.

आणि नवऱ्याचं काय? इथे बरीच जोडपी गप्प बसतात, अर्जात त्याचा फक्त नावापुरता उल्लेख करतात. मालक मग स्वतःच अंदाज बांधतो, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो. त्याचं शिक्षण, आजवरचं काम, भाषावर्गाला कधी जाणार आहे, हे तीन ओळींत लिहा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला आल्याबरोबर कुठलंही काम करायची मुभा असते, हे बऱ्याच घरमालकांना माहीत नसतं, तेही सांगा. तुम्हाला मुलं कधी हवीत, बायकोला दिवस गेलेत का, तुमचा धर्म कोणता, हे विचारायचा मालकाला अधिकार नाही. असे प्रश्न फॉर्मवर आले, तर खरं उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. उत्पन्न, नोकरी, राहणारी माणसं किती, यांची उत्तरं मात्र खरीच द्यायला हवीत. ती खोटी निघाली तर करार मोडू शकतो.

पहिला निरोप जर्मनमध्ये लिहा, आठ-दहा ओळींचा. यंत्राने भाषांतर केलेलं असलं तरी चालेल, पण जर्मन येणाऱ्या कुणाकडून तरी एकदा वाचून घ्या. जाहिरातीतल्या माणसाला नावाने संबोधा, आणि त्या घराबद्दलची एखादी गोष्ट लिहा, म्हणजे सगळ्यांना एकच मजकूर चिकटवत नाही हे दिसतं. जाहिरातीत फोन नंबर असेल तर फोन करा. तुमच्या ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्याने केला तर आणखी बरं. वयस्कर घरमालक फोनवरच्या दोन मिनिटांच्या नीट बोलण्यावर जितका भरवसा ठेवतात, तितका दहा पानी अर्जावरही ठेवत नाहीत. हे मी वारंवार पाहिलंय.

इमोस्काउट२४, इमोवेल्ट, क्लाइनआनत्साइगेन ही संकेतस्थळं सगळ्यांना माहीत असतात आणि गर्दीही तिथेच असते. पण श्टुटगार्टच्या भोवतालच्या छोट्या गावांत नगरपालिकेचं साप्ताहिक पत्रक निघतं, आम्ट्सब्लाट. त्यात लोक अजूनही चार ओळींची घराची जाहिरात देतात, आणि ‘घर हवं आहे’ अशी जाहिरात तुम्हीही देऊ शकता. कंपनीच्या अंतर्गत फलकावरही लिहा. गृहनिर्माण सहकारी संस्थांमध्ये सभासद होऊन रांगेत नाव घालून ठेवा. नंबर लागायला वेळ लागतो, पण तिथली घरं टिकाऊ आणि भाडं माफक असतं. दलालाबद्दल इतकंच: जून २०१५ पासून नियम असा आहे की ज्याने दलालाला काम दिलं त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. मालकाने नेमलेला दलाल तुमच्याकडे दलाली मागत असेल तर देऊ नका, मग तिला त्याने कुठलंही नाव दिलेलं असो.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. काही ठिकाणी तुमचं नाव वाचूनच अर्ज बाजूला पडेल. वंश बघून घर नाकारायला २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्याने बंदी आहे, तरी हे घडतं. कुणी लेखी किंवा साक्षीदारासमोर तसं म्हटलं असेल, तर पुरावा जपून ठेवा आणि केंद्र सरकारच्या भेदभावविरोधी कार्यालयाकडे सल्ला मागा. भरपाई मागायची मुदत फक्त दोन महिन्यांची असते. पण नुसतं उत्तर आलं नाही म्हणून प्रत्येक वेळी तोच अर्थ काढू नका. शोधाच्या दिवसांत अशा विचाराने मन फार लवकर खचतं, आणि पुढचे चांगले अर्जही मग अर्ध्या मनाने लिहिले जातात.

आता जागेची निवड. माझ्या मते ही या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. जोडपी येतात आणि नकाशावर ऑफिसभोवती वर्तुळ काढतात. ज्या माणसाची नोकरी, त्याचा प्रवास कमी व्हावा म्हणून. पण नोकरीवर जाणाऱ्याचा दिवस आपोआप भरतो. तिला सहकारी मिळतात, जेवणाच्या सुट्टीत बोलायला माणसं मिळतात. सोबत आलेला जोडीदार सकाळी आठ ते संध्याकाळी सहा त्या घरात आणि त्या गल्लीत असतो. घर त्याच्या दिवसाच्या मापाने निवडा. भाषावर्ग कुठे आहे? वाचनालय, बाजार, पोहण्याचा तलाव पायी जाण्यासारखा आहे का? रविवारी बस येते का? जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, आणि गावाच्या टोकाच्या वस्तीत हिवाळ्यातला रविवार फार लांबतो.

कंपनीच्या दारात, औद्योगिक वसाहतीला लागून घर घेतलेल्या एका जोडप्याला मी वर्षभरात दुसरं घर शोधून दिलं. घर उत्तम होतं. पण नवऱ्याला वर्गाला जायला दोन गाड्या बदलाव्या लागत, आणि दिवसभरात रस्त्यावर बोलायला कुणी नसे. दुसरं घर लहान होतं, बायकोचा प्रवास पंचवीस मिनिटांनी वाढला, आणि दोघांचंही बरं चाललं. वर्गात त्याला ओळखी झाल्या, त्या ओळखीतून पुढे काम मिळालं.

श्टुटगार्टपुरतं बोलायचं तर शहर डोंगरांच्या खोलगट वाटीत वसलंय, तळाशी गर्दी आणि भाडं दोन्ही जास्त. एस्लिंगेन, लुडविग्सबुर्ग, व्हाइब्लिंगेन, ब्योब्लिंगेन ही गावं एस-बान लोकलने जोडलेली आहेत आणि प्रत्येकाला स्वतःची बाजारपेठ, स्वतःची शाळा-वाचनालयं आहेत. ती नुसती झोपायची उपनगरं नाहीत. शहराच्या नावापेक्षा स्टेशनपासूनचं पायी अंतर बघा. एस-बानपासून दहा मिनिटांवरचं एस्लिंगेनमधलं घर, चढावरच्या बसवर अवलंबून असलेल्या श्टुटगार्टमधल्या घरापेक्षा सोयीचं पडू शकतं. तात्पुरत्या घरात असताना शनिवारी दोघं मिळून एकेका गावात उतरा, संध्याकाळपर्यंत फिरा. याला सहल समजू नका. हाही घरशोधाचाच भाग आहे.

पैशांचं गणित मांडताना जाहिरातीतले दोन आकडे नीट वाचा. काल्टमीटे म्हणजे नुसतं घराचं भाडं. वार्ममीटेमध्ये पाणी, कचरा, जिन्याची सफाई, आणि बहुतेक वेळा घर तापवण्याचा अंदाजे खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट जवळपास नेहमीच वेगळं. त्याशिवाय प्रत्येक घरामागे महिना १८.३६ युरो प्रसारण-शुल्क असतं. टीव्ही असो वा नसो, ते द्यावं लागतं, पण दोघांत मिळून एकदाच. वार्ममीटेमधला वरखर्च हा फक्त उचल असतो. वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत मालकाने हिशेब द्यायचा, त्यात कमी पडलं तर तुम्ही भरायचं, जास्त झालं तर तो परत देणार. मुदत उलटून गेल्यावर त्याने मागणी केली तर सहसा ती चालत नाही. पहिल्या वर्षी थोडे पैसे बाजूला ठेवा, कारण काही मालक जाहिरात आकर्षक दिसावी म्हणून ही उचल मुद्दाम कमी लावतात. घर पाहताना मागच्या वर्षीचा हिशेब दाखवायला सांगा.

अनामत, म्हणजे काउत्सिओन, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी. काल्टमीटे १,००० युरो असेल तर अनामत ३,००० च्या वर जाऊ शकत नाही, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. म्हणजे ‘चाव्या हव्या असतील तर आधी सगळी रक्कम भरा’ हे म्हणणं कायद्यात बसत नाही. मालकाला ही रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते.

स्वयंपाकघराचा खर्च नव्या माणसांना हमखास चकवतो. जर्मनीत कित्येक भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि पाण्याचा नळ. ओटा, शेगडी, सिंक, कपाटं सगळं भाडेकरूचं, आणि तो जाताना घेऊन जातो. जाहिरातीत आइनबाउक्युखे लिहिलेलं असेल, तर बसवलेलं स्वयंपाकघर आहे. ते मालकाचं आहे की जुना भाडेकरू तुम्हाला विकू पाहतोय, हे विचारा. वापरलेलं विकत घेणं बहुतेकदा फायद्याचं ठरतं, पण किंमत वस्तूंच्या वयाला धरून असावी. दिव्यांचंही तसंच, छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. आणि खोल्या मोजताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत. ‘दोन खोल्यांचं घर’ म्हणजे एक बैठकीची आणि एक झोपायची. दोघांना सुरुवातीला ते पुरतं. घरून काम करायचं असेल तर तीन बघा.

घर पाहायला दोघांनी जा, पाच मिनिटं आधी पोहोचा. कोपऱ्यांत आणि खिडकीच्या चौकटीला बुरशीचे काळे ठिपके आहेत का, नुकताच एका भिंतीलाच रंग दिलाय का, ते पाहा. घर कशावर तापतं ते विचारा. ऊर्जा-प्रमाणपत्र मालकाने न मागता दाखवायला हवं. त्यावरची ए-प्लस ते एच ही श्रेणी म्हणजे तुमच्या हिवाळ्यातल्या खर्चाचा अंदाज. कपडे धुण्याच्या यंत्राची जोडणी घरात आहे की तळघरात? मोबाइलला रेंज येते का? श्वाबेन भागात, म्हणजे तुमच्या भागात, केरवोखेची पद्धत आहे: पाळीपाळीने आठवडाभर जिना, अंगण आणि हिवाळ्यात पदपथावरचा बर्फ झाडायचा. करारात ती असेल तर ती गंभीरपणे घ्या. शेजारी तुम्हाला त्यावरूनच ओळखायला लागतात, आणि खरं सांगायचं तर ओळखी होण्याची ती चांगली संधी असते.

फसवणुकीबद्दल ठासून सांगते, कारण परदेशातून शोधणारी जोडपीच याला जास्त बळी पडतात. घर सुंदर, भाडं आजूबाजूच्या निम्मं, मालक कामासाठी दुसऱ्या देशात. पैसे पाठवा, चाव्या कुरिअरने येतील, आवडलं नाही तर पैसे परत. ही गोष्ट कितीही वेगळ्या रूपात आली तरी ती फसवणूकच असते. घर आतून पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक सेंटही पाठवू नका. स्वतः जाता येत नसेल तर ओळखीच्या कुणाला तरी आत जाऊन पाहू द्या. दुसरा प्रकार जास्त घातक आहे: ‘मालक’ म्हणतो, ओळख पटवण्यासाठी या लिंकवरून व्हिडिओने पासपोर्ट दाखवा, आणि प्रत्यक्षात त्या व्हिडिओवर तुमच्या नावाने बँक खातं उघडलं जातं. घर दाखवण्याआधी पासपोर्टची प्रत मागितली तर देऊ नका. नंतर दिलीत तरी तिच्यावर ‘फक्त अमुक घराच्या अर्जासाठी’ असं आडवं लिहून द्या.

करार हाती आला की रात्रभर तो स्वतःजवळ ठेवा, लगेच सही करू नका. चार जागा विशेष वाचा. एक, भाडं कसं वाढणार: श्टाफेलमीटे असेल तर कोणत्या तारखेला किती वाढणार ते आधीच लिहिलेलं असतं; इंडेक्समीटे असेल तर महागाईच्या निर्देशांकाबरोबर वाढतं. २०२२ मध्ये जर्मनीतली महागाई ६.९ टक्के होती, आणि इंडेक्सवाल्या भाडेकरूंना ती थेट भाड्यात सोसावी लागली. दोन, किती काळ घर सोडता येणार नाही: ही अट जास्तीत जास्त चार वर्षांची असू शकते, पण नव्या देशात, सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर असलेल्या माणसाने एका वर्षाच्या वर मान्य करू नये असं मला वाटतं. तीन, घर सोडताना रंग देण्याची अट: घर तुम्हाला रंग न दिलेलं, वापरलेलं मिळालं आणि त्याची काही भरपाईही मिळाली नाही, तर रंगरंगोटीची जबाबदारी छापील कराराने तुमच्यावर टाकता येत नाही, असं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये सांगितलंय. चार, भाडं मुळातच जास्त आहे का: टंचाईच्या शहरांत नवीन करारातलं भाडं त्या भागातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम आहे, पण ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली नवी घरं त्यातून वगळली आहेत. यातलं काही उमगलं नाही तर भाडेकरू संघटनेचे, मीटरफेराइनचे, सभासद व्हा. वार्षिक वर्गणीत वकिलाचा सल्ला मिळतो. पहिल्याच वर्षी व्हा, भांडण लागेपर्यंत थांबू नका.

आणि करारावर नावं दोघांची. पगार एकाचाच असला तरी. काही मालक म्हणतील, कमावत्या माणसाची सही पुरे. लग्नाच्या जोडीदाराला तसंही त्या घरात राहायचा हक्क असतो, फक्त मालकाला कळवावं लागतं. लग्न न झालेल्या जोडीदारासाठी मात्र परवानगी घ्यावी लागते. तरीही माझा आग्रह दोन सह्यांचा आहे. दोघं सही करतात तेव्हा संपूर्ण भाड्याला दोघंही जबाबदार होतात, ही त्याची दुसरी बाजू, आणि घर सोडायची नोटीसही मग दोघांच्या सहीनेच द्यावी लागते, तीही कागदावर. ईमेल चालत नाही. पण जो माणूस आपली नोकरी सोडून, जोडीदाराच्या व्हिसाला जोडलेला व्हिसा घेऊन आलाय, त्याचं या देशात स्वतःचं म्हणावं असं सुरुवातीला फार थोडं असतं. घराच्या करारावरचं नाव हे त्यातलं एक. उद्या दोघांत काही बिनसलं किंवा एकाला काही झालं, तर हे नाव फार मोठा आधार ठरतं.

चाव्या घेताना मालकासोबत प्रत्येक खोलीत फिरून हस्तांतराचा तक्ता भरा: वीज, पाणी, हीटिंगचे मीटर किती आकड्यावर आहेत, चाव्या किती, कुठे ओरखडा, कुठे फुटलेली फरशी. फोटो काढा. अनामत परत मिळवताना हाच कागद कामाला येतो. त्याच दिवशी बेलवर आणि टपालपेटीवर दोघांची आडनावं लावा, पासपोर्टवर आहेत तशीच. इथे फ्लॅटला क्रमांक नसतो, पोस्टमन नाव वाचून टपाल टाकतो. नाव नसेल तर कर-क्रमांकाचं पत्रही परत जातं. मग आठवडाभरात ब्युर्गरब्युरोमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या नागरिक सेवा कार्यालयात, दोघांनी जाऊन नव्या पत्त्याची नोंद करा, विवाह प्रमाणपत्राचं अधिकृत भाषांतर सोबत न्या, म्हणजे तुमची नोंद विवाहित म्हणून होईल आणि कराचा वर्ग त्यानुसार लागेल. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, हाफ्टफ्लिश्टफरझिखरुंग, घेतला नसेल तर तोही घ्या. हरवलेली इमारतीची चावी हे इथलं सगळ्यात महागडं छोटं नुकसान आहे, म्हणून त्यात चावी धरली आहे का ते बघा.

राहिला घर विकत घेण्याचा प्रश्न. परदेशी माणसाला जर्मनीत घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. पण बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये किमतीच्या ५ टक्के खरेदी-कर, वर नोटरी आणि जमिनीच्या नोंदवहीचा खर्च, दलाल असेल तर त्याचा वाटा, हे सगळं किमतीशिवाय वेगळं आणि बहुतांशी स्वतःच्या खिशातून द्यावं लागतं. परिवीक्षा चालू असताना बँकाही कर्जाला सहसा तयार होत नाहीत. परिवीक्षा संपू द्या, नवऱ्याला काम मिळू द्या, कुठल्या गावात राहायचं हे ठरू द्या, आणि मग या प्रश्नाकडे पुन्हा या.